नौदलात नाविक म्हणून जाण्यापूर्वी: जहाजावरच्या जगण्याची तयारी कशी करावी

नौदलाच्या भरतीविषयी विचारायला जे तरुण माझ्याकडे येतात, त्यांचे प्रश्न बहुधा धावण्याच्या वेळेचे, लेखी परीक्षेतल्या गुणांचे आणि पगाराचे असतात. हे प्रश्न रास्त आहेत, परंतु ते निवड होईपर्यंतचे आहेत. निवड झाल्यानंतर जे जगावे लागते, त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. मी इंजिनरूममधला नाविक म्हणून पंधरा वर्षे नोकरी केली. त्या काळात जे सहकारी मनाने खचलेले पाहिले, ते अंगमेहनतीत कमी पडलेले नव्हते. एका लोखंडी खोलीत तीसचाळीस जणांसोबत राहणे, तुकड्यातुकड्यांत झोपणे आणि काल घासलेली जागा आज पुन्हा घासणे, हे त्यांच्या पचनी पडलेले नव्हते. म्हणून येथे मुख्यतः त्याच तयारीविषयी लिहितो.

आधी भरती नेमकी कशात होते ते समजून घ्यावे

गावाकडे ‘नेव्हीत लागला’ एवढेच म्हटले जाते आणि त्यात अधिकारी व नाविक यांची सरमिसळ होते. अधिकारी होण्याचा मार्ग खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा केरळातील एळिमला येथील नौदल अकादमी यांतून जातो. ज्याचे गुण आणि वय त्या मार्गाला पुरेसे आहे, त्याने तो आधी अजमावून पाहावा, कारण दोन्ही वाटांवरचे राहणे, काम आणि पुढची वाटचाल यांत मोठे अंतर आहे. नाविकांची भरती जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेल्यांसाठी एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) हा प्रवेश आहे, तर दहावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी एमआर (मॅट्रिक रिक्रूट).

एमआरविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. या प्रवेशातून घेतलेल्यांना स्वयंपाकी, वाढपी म्हणजे स्टुअर्ड किंवा स्वच्छतेची कामे करणारा हायजिनिस्ट व्हावे लागते. कित्येक मुलांना ही गोष्ट प्रशिक्षणाच्या ठिकाणी पोहोचल्यावर कळते आणि मग फसवणूक झाल्याची भावना मनात घर करते. वास्तविक जाहिरातीत ती लिहिलेली असते, पण जाहिरात पूर्ण वाचण्याची आपल्याकडे सवय नाही. माझ्या मते जहाजावरील सर्वांत निकडीच्या माणसांपैकी एक स्वयंपाकी असतो आणि आग लागली तर पाण्याची नळी त्याच्याही हातात येते. तरीसुद्धा हे काम आपल्याला चार वर्षे करायचे आहे का, याचा निर्णय अर्ज भरण्याआधी घ्यावा.

पगाराचे गणितही तसेच मांडून पाहावे. पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये ठरलेले आहेत आणि ते वाढत चौथ्या वर्षी 40,000 होतात, पण त्यातले 30 टक्के सेवानिधीसाठी कापले जातात. म्हणजे हातात पहिल्या वर्षी 21,000 आणि चौथ्या वर्षी 28,000 रुपये पडतात. कामाच्या स्वरूपानुसार मिळणारे भत्ते याखेरीज. कापलेल्या रकमेइतकीच रक्कम सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये मिळतात, ज्यांवर प्राप्तिकर लागत नाही. निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटी नाही. सेवेच्या काळात 48 लाख रुपयांचा विमा असतो. जेवण, गणवेश आणि औषधोपचार यांचा खर्च पडत नसल्यामुळे, उधळपट्टी न करणाऱ्या मुलाच्या हातात पैसा शिल्लक राहू शकतो. या चार वर्षांत लग्न करता येत नाही आणि अगदी अपवादात्मक कारण असल्याशिवाय मध्येच नोकरी सोडताही येत नाही, हे मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी एकत्र बसून वाचावे.

निवडीपर्यंतची तयारी

धावण्याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. मुलांना 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावायचे असते आणि त्यासोबत बैठका, जोर व पोटाचे व्यायाम असतात. हे मापदंड अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरात नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावी. तीन महिने नियमित सराव करणाऱ्या कोणत्याही निरोगी मुलाला हे जमते.

खरी गळती वैद्यकीय तपासणीत होते आणि तिची कारणे पुष्कळदा किरकोळ असतात. कानात मळ साचलेला असणे आणि दातांवर कीट असणे या दोन गोष्टींविषयी नौदल स्वतःच उमेदवारांना आधी सूचना देते, तरी मुले तशीच जातात. रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणे, पायांवरच्या फुगलेल्या शिरा, अंडवृद्धी अशा बाबी आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांकडून वर्षभर आधीच तपासून घ्याव्यात. यातल्या काही उपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बऱ्या होतात, काही होत नाहीत, आणि होणार नाही ते लवकर कळले तर दुसरी वाट धरायला वेळ मिळतो. गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागे चालते. दंडावर किंवा छातीवर हौसेने काढलेले चित्र महागात पडू शकते.

पैसे घेऊन काम करून देतो म्हणणारा मनुष्य जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतो. त्याच्या हाती काहीही नसते.

आता अशा दोन गोष्टी, ज्यांची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. पहिली म्हणजे पोहणे. निवडीच्या वेळी पोहण्याची परीक्षा नसते, म्हणून मुले ते शिकत नाहीत, पण प्रशिक्षणात ते यावेच लागते आणि संध्याकाळी इतर मुले मोकळी असताना न येणाऱ्यांना पुन्हा तलावावर नेले जाते. घाटावरची, विशेषतः दुष्काळी भागातली मुले येथे घाबरतात. विहिरीवर किंवा नगरपालिकेच्या तलावात एक उन्हाळा घालवला, तर पुढचे बरेच हाल वाचतात. कोकणातल्या मुलांना पोहता येते, पण उंच फळीवरून उडी मारायची वेळ आली की त्यांनाही विचार करावा लागतो. दुसरी गोष्ट भाषा. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, शिकवणे त्याच भाषांत आणि रोजचे बोलणे हिंदीत असते. मराठी माध्यमातल्या मुलाला विषय येतो, पण ‘घनता’, ‘प्रवेग’ यांचे इंग्रजी शब्द ऐन वेळी आठवत नाहीत. बारावीच्या पुस्तकातले असे शब्द वहीत उतरवून पाठ करणे, हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त क्लास आहे.

चिल्का

नाविकांचे पहिले प्रशिक्षण ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी असलेल्या ‘आयएनएस चिल्का’ येथे होते. आयएनएस, म्हणजे ‘इंडियन नेव्हल शिप’, ही अक्षरे पाहून मुलगा जहाजावर गेला असे घरच्यांना वाटते, पण नौदलाच्या किनाऱ्यावरील संस्थांनाही जहाजाप्रमाणेच नाव आणि मान असतो. अग्निवीरांची पहिली तुकडी, सुमारे 2600 जणांची, येथून 28 मार्च 2023 रोजी सूर्यास्तानंतर झालेल्या संचलनाने बाहेर पडली आणि तिच्यात मुलीही होत्या.

प्रशिक्षण साधारण सोळा आठवड्यांचे असते. पहाटे उठणे, शारीरिक कसरत, परेड, वर्ग, पुन्हा मैदान, आणि रात्री गणवेशाची इस्त्री व बुटांचे पॉलिश. चूक एकाची झाली तरी रगडा सगळ्या तुकडीला लागतो. नव्या मुलाला हा अन्याय वाटतो आणि एका अर्थी तो आहेही, परंतु त्यामागचा हिशेब जहाजावर उमगतो, कारण तेथे एकाने झाकण नीट न लावल्यास पाणी सगळ्यांच्याच खोलीत शिरते. पहिले तीन आठवडे सर्वांत जड जातात. भूक प्रचंड लागते, झोप कधीच पुरत नाही आणि घरची आठवण बरोबर दिवे मालवल्यावर येते. या काळात कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, एवढाच माझा सल्ला आहे. पाय मुरगळला, ताप आला किंवा नडगी सतत दुखू लागली, तर मात्र ते लपवू नये. मागे पडण्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढणारी मुले हाडाला बारीक तडा जाऊन महिनाभर अंथरुणावर पडलेली मी पाहिली आहेत.

जाण्यापूर्वी घरी एक सराव अवश्य करावा. स्वतःचे कपडे हाताने धुवावेत, इस्त्री करावी, अंथरुणाची घडी घालावी, बटण लावावे आणि हे सारे पहाटे साडेचारला उठून अर्ध्या तासात संपवावे. ज्याची आई आजवर त्याचा डबा आणि कपडे सांभाळत आली आहे, त्याला चिल्काच्या मैदानापेक्षा चिल्काची बराक जास्त थकवते.

त्यानंतर शाखेनुसार पुढचे शिक्षण होते. विद्युत शाखेचे नाविक जामनगरच्या ‘वलसुरा’त जातात, तोफखान्याचे कोचीच्या ‘द्रोणाचार्य’मध्ये, भांडार व स्वयंपाकाचे मुंबईत मालाडच्या ‘हमला’त. आम्हा इंजिनवाल्यांची शाळा 1945 पासून लोणावळ्यात, ‘शिवाजी’ या नावाने, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. समुद्रावरची यंत्रे चालवायला शिकायचे ते धुक्यात आणि मुसळधार पावसात, भुशी धरणाच्या शेजारी. शाखा मिळताना आवड विचारली जाते, पण ती मिळेलच असे नाही.

जहाजावर

जहाजावर पहिल्यांदा चढताना नव्या नाविकाला भाषाच पहिल्यापासून शिकावी लागते. जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, संडास म्हणजे हेड्स. झोपण्याची जागा म्हणजे मेसडेकमधला, म्हणजे नाविकांच्या राहण्याच्या खोलीतला, बंक. एकावर एक तीन बंक असतात, वरच्या बंकची तळी नाकाच्या अगदी जवळ येते आणि सामानासाठी एक अरुंद लॉकर मिळतो. ‘विक्रांत’सारखे विमानवाहू जहाज 262 मीटर लांब आहे आणि त्यावर सुमारे 1600 माणसे राहतात. लहान जहाजावर शंभर-दीडशे माणसे असतात, तेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, आणि हे सुखाचेही असते व तापाचेही.

दिवस वॉचवर, म्हणजे कामाच्या पाळ्यांवर, चालतो. चोवीस तासांचे चार-चार तासांचे भाग पाडलेले असतात. फक्त दुपारी चार ते रात्री आठ या वेळाचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे केलेले असतात, ज्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाचे एकूण भाग सातच्या विषम संख्येत येतात आणि तीन पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या वेळा रोज आपोआप पुढे सरकतात. असे केले नसते, तर मध्यरात्री बारा ते चार ही मिडल वॉच कायम एकाच्याच नशिबी आली असती. चार तास वॉच आणि आठ तास मोकळे, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात त्या आठ तासांत दिवसाचे नेमून दिलेले काम, कवायती, जेवण आणि आंघोळ बसवायची असते, त्यामुळे सलग सहा तास झोप ही समुद्रावर चैन ठरते. ज्याला वीस मिनिटे मिळाली की डोळा लागतो आणि हाक ऐकली की जाग येते, तो येथे सुखी राहतो. ही सवय लावून घेता येते.

कामाचे स्वरूप चित्रपटांतून कळत नाही. खारे पाणी आणि हवा लोखंडाला खात असते, म्हणून गंज खरवडणे, रंग लावणे, तेल-ग्रीस देणे आणि फरशी पुसणे हे न संपणारे काम आहे. इंजिनरूममध्ये उष्णता आणि आवाज इतका असतो की खुणांनी बोलावे लागते. कानांवरची संरक्षक झाकणे तेथे क्षणभरही काढू नयेत, कारण तरुणपणी गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मी ती सुरुवातीच्या काळात आळसाने वापरली नाहीत आणि आज दूरचित्रवाणीच्या आवाजावरून घरात रोज वाद होतात.

आगीची आणि पाणी शिरण्याची कवायत वारंवार होते, तीही बहुधा नुकते जेवायला बसल्यावर किंवा झोप लागल्यावर. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, म्हणून स्वयंपाक्यापासून कारकुनापर्यंत सर्वांनाच आग विझवता आली पाहिजे आणि लाकडी पाचरी ठोकून भोक बुजवता आले पाहिजे. या कवायतीला कंटाळू नये.

समुद्र लागणे, म्हणजे डोलण्याने मळमळ आणि ओकाऱ्या होणे, हे जवळजवळ सर्वांच्या वाट्याला येते. जून ते सप्टेंबर या काळातला अरबी समुद्र जुन्या नाविकालाही सोडत नाही. त्यावर काही साध्या युक्त्या आहेत: पोट रिकामे ठेवू नये, पण तेलकट खाऊ नये. कोरडी पोळी, बिस्किट किंवा आल्याचा तुकडा जवळ असावा. शक्य असेल तेव्हा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे, आणि आडवे व्हायचे असल्यास जहाजाच्या मध्यभागी, खालच्या बाजूस जागा शोधावी, कारण तेथे हेलकावा कमी असतो. गोळी घ्यायची ती सिक बेमधून, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यातून, विचारून आणि मळमळ सुरू होण्याआधी. बहुतेकांचे शरीर तीन-चार दिवसांत सावरते. समुद्र लागला म्हणून वॉच चुकत नाही, बादली सोबत घेऊन उभे राहावे लागते. यात लाज वाटण्याचे कारण नाही, फक्त बादली स्वतः धुवावी.

जेवण साधे पण पोटभर असते, बरेचसे उत्तर हिंदुस्थानी वळणाचे. राजमा आणि पराठ्यांची सवय होते. भाकरी विसरावी लागते, मात्र कोणाच्या ना कोणाच्या लॉकरमध्ये शेंगदाण्याची चटणी सापडते. नाविकांच्या ताटाचा प्रश्न क्षुल्लक नसतो, हे मुंबईने पाहिलेले आहे. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘तलवार’ या नौदल आस्थापनेत नाविकांनी जो संप पुकारला, त्यामागे अपमानास्पद वागणुकीइतकेच निकृष्ट अन्नही होते. आज मेसमध्ये तक्रार नोंदवण्याची रीतसर सोय आहे आणि ती वापरावी.

तक्रारीविषयी आणखी थोडे. प्रत्येक नाविक एका डिव्हिजनमध्ये असतो आणि त्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्याकडे आपली अडचण मांडण्याचा त्याला हक्क असतो. घरचे आजारपण, पैशाची ओढाताण, वरिष्ठ नाविकाचा जाच, मन थाऱ्यावर नसणे, यांपैकी काहीही असो, ते बोलावे. एका जहाजावर माझ्या शेजारच्या बंकवरचा मुलगा कित्येक आठवडे गप्प राहत गेला आणि आम्ही सगळ्यांनी त्याचा स्वभावच तसा असे मानले. तो पुढे सावरला, पण उशिरा, आणि त्यात आमची चूक होती.

मुलींची नेमणूक त्यांच्या राहण्याची वेगळी व्यवस्था असलेल्या जहाजांवर आणि तळांवरच होते. वॉच, कवायत आणि काम मात्र तेच असते.

फोन, बंदर आणि घर

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइलला नेटवर्क नसते. त्यात हेरगिरीची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर नौदलाने डिसेंबर 2019 मध्ये जहाजे आणि तळांवर स्मार्टफोन व समाजमाध्यमांवर बंदी घातली. म्हणून फोनच्या बाबतीत जेथे जो नियम असेल तो काटेकोर पाळावा. जहाज कोठे आहे, कधी निघणार, हे आईलाही सांगायचे नसते. अनोळखी मुलीची गोड मैत्री आणि ‘तुमचे जहाज किती मोठे आहे’ असा सहज विचारलेला प्रश्न, यांतून कोवळी मुले तुरुंगात गेली आहेत.

मोहीम कधी लांबेल हे सांगता येत नाही. एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध नौदलाची जहाजे 2008 पासून जात आहेत. मार्च 2024 मध्ये ‘कोलकाता’ या युद्धनौकेने सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ या जहाजावरील 35 चाच्यांना शरण आणून मुंबईला आणले, ती बातमी सर्वांनी वाचली. त्याआधीचे कित्येक दिवस त्या पाण्यात नुसती गस्त घालत काढावे लागतात, हे बातमीत येत नाही. रिकाम्या समुद्राकडे टक लावून पाहण्यातच मोहिमेचा बराचसा काळ जातो.

वर्षाला 30 दिवसांची रजा ठरलेली आहे, पण ती कामाच्या सोयीने मिळते. गणपतीला घरी येणे जमेलच असे कोणी गृहीत धरू नये. माझ्या पंधरा वर्षांत गणपतीची रजा पाच वेळा मिळाली आणि इतर सहकारी मला नशीबवान म्हणत. बंदरात असताना लिबर्टी मिळते, म्हणजे ठरावीक वेळेपर्यंत शहरात जाता येते. परतायला दहा मिनिटे झालेला उशीरही नोंदला जातो. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि कारवार ही बंदरे नाविकाच्या ओळखीची होतात. खर्चही तेथेच होतो, त्यामुळे पगार खात्यात आल्या दिवशीच ठरावीक रक्कम घरी किंवा आवर्ती ठेवीत वळती होईल, अशी बँकेत व्यवस्था करून ठेवणे उत्तम.

चार वर्षांनंतर

अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात. म्हणजे चारांतले तीन बाहेर येणार, हे पहिल्या दिवसापासून धरूनच चालावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, तटरक्षक दल आणि संरक्षण खात्यातल्या नोकऱ्यांत 2022 मध्ये 10 टक्के आरक्षण जाहीर झाले आणि व्यापारी जहाजांवर जाण्याच्याही वाटा आखलेल्या आहेत. त्यांचा उपयोग त्यालाच होतो ज्याच्या हातात कसब आणि कागद दोन्ही आहेत. इंजिन किंवा विद्युत शाखेच्या मुलाने आपण कोणत्या यंत्रावर किती काळ काम केले याची नोंद, यंत्राविषयी कोणतीही गोपनीय माहिती न लिहिता, ठेवावी. प्रत्येक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र जपावे आणि दहावीवर गेलेल्याने सेवेत असतानाच बारावीचे प्रमाणपत्र मिळवावे. सेवानिधीची रक्कम येण्यापूर्वीच नातेवाइकांच्या डोक्यात तिचे बेत तयार होतात. ट्रॅक्टर, बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब. यांतले काय करायचे, हे मुलाने स्वतः ठरवावे. बावीस-तेविसाव्या वर्षी दुसरे शिक्षण घेण्यासाठी त्यातले दोन-तीन लाख बाजूला काढणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

निघण्यापूर्वी

सर्व मूळ कागदपत्रे, त्यांच्या प्रती, आधार, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. सर्व कागदांवर नाव आणि जन्मतारीख सारखीच आहे का, हे आधी तपासावे. वडिलांच्या नावातला एका अक्षराचा फरकही ऐन वेळी अडवतो. दागिने, महागडा फोन आणि जास्त कपडे नेऊ नयेत. पायातले बूट नवे कोरे नसावेत, सरावलेले असावेत.

घरच्यांसाठी एक कागद लिहून भिंतीवर लावावा. नोकरी क्रमांक मिळाला की तो त्यावर लिहायला सांगावा, तसेच नेमणुकीच्या तळाचा पत्ता आणि तेथील कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. घरात काही बरेवाईट घडले, तर मुलाचा बंद फोन पुन्हा पुन्हा लावत बसू नये. नाव, हुद्दा आणि नोकरी क्रमांक सांगून त्या कार्यालयाला कळवावे, किंवा आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथून जहाजापर्यंत निरोप पोहोचतो. माझे वडील गेले तेव्हा मी समुद्रात होतो आणि निरोप मला त्याच रात्री मिळाला, कारण तो कागद आमच्या घरात कॅलेंडरशेजारी लावलेला होता.